पांदणीचा पंचनामा

प्रिय प्राजक्ता,

परवा अमरावतीत माहिती अधिकाराच्या प्रशिक्षणाला तू वकिलांच्या रांगेत बसली होतीस, मी माहिती अधिकाऱ्यांच्या. चहाच्या वेळी मी तुला टाळलं. राजापेठेच्या खोलीत चार वर्षं एका ताटात जेवलेली मैत्रीण अशी वागली, म्हणून अकोल्याला परतताना तू मला भरपूर शिव्या घातल्या असशील. घाल, तुझा हक्कच आहे.

खरं तर तुझ्याकडे पाहायची मला लाज वाटत होती. प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी आम्हा अधिकाऱ्यांना आपापली उत्तरं वाचायला लावली, तर निम्म्या जणांचं एकच वाक्य निघालं, ‘सदर कागद अभिलेखात आढळून येत नाही.’ हॉल हसला, तूही हसलीस. उत्तराची मुदत तीस दिवसांची, म्हणून अर्ज एकोणतिसाव्या दिवसापर्यंत दाबून ठेवायचा आणि मग हे वाक्य पाठवायचं, ही आमच्या कार्यालयाची रीतच आहे. सगळ्यांबरोबर मीही हसले आणि मला स्वतःचीच किळस आली.

कारण दिवाळीआधी हेच वाक्य मी भातकुलीकडच्या मनकर्णाबाईंना पाठवलं. त्या भाजी पिकवतात. शेजाऱ्यानं त्यांची पांदण, म्हणजे शेतात जायची वाट, तार ओढून बंद केली. वाट पूर्वीपासून वहिवाटीची आहे असं लिहिलेला जुना पंचनामा त्यांनी मागितला होता. तो माझ्याच कपाटात आहे. पण शेजाऱ्याची आमच्या साहेबांकडे उठबस. सापडत नाही असं कळवा, साहेब म्हणाले, आणि मी कळवलं. बाईंचं पहिलं अपीलही साहेबांनीच फेटाळलं. त्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, “मले वाचता येत नाही, बाई. कागद नाही मनून लिवलं, त्याच्याखाली सही कोनाची हाय, तेवढं सांगा.” मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले. आता वांग्यांची तोडणी सुरू आहे आणि त्या डोक्यावर टोपली घेऊन नाल्यातून ये-जा करतात.

पंचनामा मी गुपचूप त्यांच्या हातात ठेवला, तर साहेब तो बनावट ठरवतील. तो माहिती आयोगासमोरच निघायला हवा. दुसऱ्या अपिलाची मुदत संपायला अकरा दिवस उरलेत. मनकर्णाबाईंचं वकीलपत्र तू घे. सोमवारी त्या तुझ्याकडे येतील, मी पत्ता दिलाय. खोटं उत्तर देणारी अधिकारी म्हणून माझं नाव घे, मैत्री मध्ये आणू नकोस. दंड होईल, नोकरीवरही गदा येईल, आईला अजून काही बोलले नाही. पण मी माघार घेणार नाही. सुनावणीपर्यंत मला कोणी दटावलं, समजावलं, माझी बदली केली, तरी मला शब्द फिरवता येऊ नये, म्हणून फोन न करता हे लिहिलंय. हे पत्र अपिलाला जोड.

तुझीच,
गीतांजली