काम न करणाऱ्या माणसाचा दाखला

जनकाअक्का, जय भीम.

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुला वाचता येत न्हाई, शेजारची पोरगी वाचून दाखवील, आन तिला तू सांगून ठेवलंय की माझा रत्नपाल शाळेत सर आहे.

सर आहे, अक्का, पण पगार न्हाई. शाळेला अनुदान आलं की सुरू होईल, ह्या आशेवर नऊ वर्षं फुकट शिकवून राहिलो.

परवा थकून बेकारी भत्त्याचा अर्ज करायचं ठरवलं. हा माणूस कुठंच काम करत न्हाई, असा दाखला पाहिजे होता. तो आमच्या हेडमास्तरांनीच दिला. शिक्का मारता मारता म्हणाले, "लवकर या सर, दहावीचा तास तुमचाच हाय."

वारंगा फाट्यावरच्या ऑनलाइन सेंटरात अर्ज भरायला गेलो, तर कॉम्प्युटरवर सपना बसलेली. माझ्याच हाताखाली दहावी झालेली पोरगी. एकेक रकाना वाचून विचारत होती. एका जागी थांबली आन हळूच म्हणाली, "सर, सध्या काय काम करता, असं विचारलंय. काय लिहू?"

"काहीच करत न्हाई, असं लिही."

तिनं खाली मान घालून लिहिलं. शुद्धलेखन बराबर होतं.

कागद घेऊन मी निघालो, तशी ती खुर्चीतून उठून उभी राहिली. मागं लाइनीतली माणसं खोळंबली, तरी हलली न्हाई. मी "बस" म्हणलो, तवाच बसली.

तुझा धाकटा,
रत्नपाल