आप्पांच्या नाकाच्या जागी

७ जानेवारी
आज तीन काहिली रस आटवला. तिन्ही माझ्या नाकावर. केसांना, कपड्यांना, या वहीलासुद्धा रसाचा वास. दिवाळीला आठ दिवसांसाठी शिराळ्याजवळच्या या आमच्या गुऱ्हाळावर आले होते. अजून इथेच.

बाहेर कुणाला माहीत नाही. पावसाळ्यात आप्पांना ताप आला आणि वास गेला तो गेलाच. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, येईल, वाट बघा. गुळव्याने कसली वाट बघायची? रस आटत आला की काहील कधी उतरवायची हे आप्पा वासावर सांगायचे. जरा लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला की करपला. लांबलांबचे लोक ऊस इथे आणतात ते त्या नाकासाठी.

म्हणून मी काहिलीजवळ बसते. वास पालटला की म्हणायचं, "आप्पा, च्या घेताय का?" ते "घेतो" म्हणत उठतात आणि गड्यांना हाक मारतात, "उतरा रं!" लोकांना वाटतं, लेक लय मायाळू.

९ जाने.
मॅडमचा फोन (माझ्या पीएचडीच्या गाइड, पुणे). वीस तारखेपर्यंत आले नाही तर जागा दुसऱ्याला. नमुने फ्रीजरमध्ये पडून आहेत.

दुपारी आत्या: "शिराळ्याची पोरगी आन् साप शिकाया पुन्याला? त्ये बी समुद्रातलं? त्यास्नी नागपंचमी कोन करतंय?"

हसले. मग आत जाऊन रडले.

११ जाने.
थोडं वाचलं. समुद्रात उतरलेल्या सापांच्या नाकपुड्या पाण्याखाली बंद. वास ओळखणारी जनुकं वापरात नाहीत म्हणून एकेक करून मोडत गेली. अंडी घालायला किनाऱ्यावर येणाऱ्यांची बरीच शाबूत, कायम पाण्यात राहणाऱ्यांची कमी. मोडलेलं जनुक शरीर लगेच टाकून देत नाही, पिढ्यान्पिढ्या बाळगतं. माझा प्रश्न: आधी कोणतं मोडलं?

आप्पांना सांगितलं. "मग भक्ष्य कुटं हाय त्ये कळतं कसं?"
"जिभेनं. पाण्यातबी."
"मग चाललंय की त्यांचं," म्हणाले.

चाललंय. मी इथे कुजत बसलेय ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

१३ जाने.
वाटोळं.

संक्रांत तोंडावर, गुऱ्हाळावर गर्दी. काहिलीत बाळूनानांच्या उसाचा रस. मी पाणी प्यायला विहिरीकडे गेले होते, दोन मिनिटं. तेवढ्यात आई खरोखरचा चहा घेऊन आली. "आवं, च्या घेताय का?"
"घेतो. उतरा रं!"

मी धावत आले तोवर काहील खाली. गूळ बसलाच नाही, गूळ ओतायच्या वाफ्यात नुसता लिबलिबीत चिखल. बाळूनाना म्हणाले, "आप्पा, आज नाक घरी इसरलासा व्हय?" सगळे हसले. आप्पासुद्धा हसले, आणि ते बघवलं नाही. नानांना आमच्या घरच्या ढेपा दिल्या.

आईलाही आम्ही सांगितलं नव्हतं. तिचा तोल गेला. "मला काय म्हाईत तुमा बाप-लेकीत च्याचं काय ठरलंय! फोडणी करपली तरी गप जेवत्यात, तवाच वळखाया पायजे हुतं मी."

म्हणजे आता मी तर हलूच शकत नाही.

१८ जाने.
कालपासून सर्दी. नाक ठार बंद. कुणाला बोलले नाही. आप्पांनी लपवलं तसंच मीही. काहिलीजवळ बसले. कधी म्हणू? आत्ता? अजून?

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी मान कलती केली. "उतरा रं."

गूळ असा पिवळाधमक की गडी बघत राहिले.

सगळे गेल्यावर विचारलं, "वास आला?"
"न्हाई. बुडबुडं जड झालं की आवाज पालटतो. फटफट वाजतंय."
"कवापासनं कळतंय?"
हात धूत राहिले. "झालं की ईस-पंचवीस दिस."
"मग तेरा तारखेला?"
"कान म्हनत हुता थांब. पन तुझ्या आईचा आवाज तुझ्यागतच हाय. मला वाटलं तूच सांगतीयास."
"आणि मला का नाही सांगितलं?"
"सांगितलं असतं तर गेली असतीस."

मला ओरडायचं होतं.

१९ जाने.
मॅडमना 'येते' लिहिलं, पाठवलं नाही. आई तिळाच्या वड्या बांधून देतेय, न विचारता.

२० जाने.
पावणेआठ. आठची एसटी. बॅग दारात.

आप्पांनी चुलवाण पेटवलंय. माझं बसायचं स्टूल स्वतः पुसून काहिलीशेजारी ठेवलंय, आणि माझ्याकडे बघत नाहीत. माझी गरज उरली नाही हे दोघांनाही ठाऊक, म्हणून जास्तच राग येतोय. ते स्टूल दुसऱ्या कुणी तिथून उचललं तर बरं होईल. मला उचलवत नाही.