गोल म्हणजे गोल

३ मार्च, सोमवार

रिंग ॲल्युमिनियमची करू म्हणे! लोण्यासारखं कापलं जातं, दुपारपर्यंत काम हातावेगळं — हा दादाचा हिशेब. ड्रॉइंगवर स्टील लिहिलंय ते जड पडेल, यावर मात्र आमचं एकमत. चला, वर्षातून एकदा तरी झालं.

रिंग कृत्रिम पायाच्या गुडघ्यात बसणार, तिच्या आत बेअरिंग. पाय वापरणारा माणूस पोस्टमन — दिवसभर चालणं, घाम, पाऊस, जिने. रिंगेची भिंत इतकी पातळ की ॲल्युमिनियम चेपेल. मी म्हटलं, टायटॅनियम. हलकं, दणकट, गंजत नाही. "टूलची धार खातं ते!" दादा ओरडला. सावकाश कापलं, गार ठेवणारं कूलंट भरपूर सोडलं तर नाही खात. तुझ्यासारखी घाई केली तर खाणारच.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "टायटॅनियमच घ्या. आणि ऐका दोघं — हे काम जो नीट करेल, कारखाना पुढे तो बघेल. मी थकलो आता."

बारा वर्षं मशीन मी चालवते. दादा बाहेरून कामं आणतो, गोड बोलतो. गोड बोलून रिंग होत नाही!

५ मार्च

पायवाली बाई येऊन गेली. कृत्रिम पाय बनवते म्हणून आमच्यात तिचं हे नाव. बरं नाही, पण पडलं ते पडलं. रिंगा तीन हव्यात, एक बसवायला, दोन जवळ असाव्यात म्हणून.

जाताना मला म्हणाली, "बेअरिंग अडकलं की तो जिन्यातच पडतो हो. मागच्या वेळी तसाच पडला."

७ मार्च

डोकं फिरलंय!

पातळ रिंग मशीनच्या पकडीच्या, म्हणजे चकच्या, तीन जबड्यांत आवळायची नसते. आवळली की दबते, सोडली की परत फुलते. जबड्यात दाबून कापताना भोक गोल, बाहेर काढलं की तिकोनी. म्हणून मी सॉफ्ट जॉ करणार होते — रिंगेच्याच मापाने कोरलेले जबडे, सगळीकडून सारखे धरणारे. त्यासाठी मऊ धातूचे तुकडे आणायला बाहेर पडले, तेवढ्यात या शहाण्याने तिन्ही रिंगा उरकून ठेवल्या. नेहमीच्या जबड्यांत!

"माप बघ की," म्हणाला. बाबांनी भोक मोजायचा गेज आत घालून फिरवला. सगळीकडे सारखं. "बरोबर आहे गं."

"गेज समोरासमोरची दोन टोकंच मोजतो, बाबा. असं तिकोनी भोक त्याला गोलच वाटतं."

"म्हणजे माझा गेज खोटा?"

"इथे खोटा!"

बाबा उठून गेले. त्यांनी आयुष्यभर असंच धरलं, असंच मोजलं. त्यांना लागलं, कळतंय मला. मलाही लागलं. पण म्हणून काय तिकोन्याला गोल म्हणू?

रिंग व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवली, डायलची सुई आतल्या भिंतीला लावली, हाताने सावकाश फिरवली. एका फेरीत सुई तीनदा उचलली. जबड्यांच्या जागी, बरोब्बर! बघायला कोणी नव्हतं. दादा फोनवर हसत होता.

८ मार्च

घरात अबोला. वहिनी म्हणाली, "एवढं काय धरून बसलीस? केसाएवढा तर फरक."

त्याहूनही कमी आहे! आणि केस घशात गेला की कळतं केवढा असतो ते.

९ मार्च, रविवार

कारखाना बंद. कुलूप उघडून शिरले. सॉफ्ट जॉ कोरले, रिंग हलक्या हाताने धरली. धारदार टूल, कमी वेग, कूलंटची धार. पहिली रिंग वाया गेली — शिव्या दिल्या, स्वतःलाच. पुढच्या तीन जमल्या. सुई जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल. एकटीच टाळ्या वाजवल्या. वेडी!

१० मार्च

दादाने रिंगांचं खोकं टेप लावून टेबलावर ठेवलं आणि जेवायला गेला. मी उघडलं. त्याच्या काढल्या, माझ्या ठेवल्या, परत टेप. दादाच्या रिंगा हातोड्याने चपट्या केल्या. फार बरं वाटलं.

कुणाला सांगणार नाही. पोस्टमन पडला नाही म्हणजे भरून पावले.

छे, खोटं लिहितेय. मला कारखाना हवाय. हवाच! पण आज बोलले तर भांडण, आणि भांडणात खोकं इथेच राहील. आधी तो माणूस चालू दे. मग तोंड उघडेन.

१७ मार्च

काही खबर नाही. दादा दोनदा म्हणाला, "माझ्या रिंगा". तोंड आवरलं.

२४ मार्च

पायवाली बाई आली. पोस्टमन जिने चढतोय, गुडघ्याचा आवाजसुद्धा नाही! बाबांनी तिच्यादेखत दादाच्या पाठीवर हात ठेवला. "आजपासून कारखाना ह्याचा."

"त्या रिंगा माझ्या आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "त्या सोमवारी सकाळी मशीनखाली टायटॅनियमचा ताजा कीस होता. हा काय रविवारी येणार? तुझंच बरोबर होतं, पोरी. पण तू कुठेही उभी राहशील. ह्याला बाहेर कामाला कोण ठेवेल?"

बाईने पुढच्या कामाचं ड्रॉइंग अर्धवट बाहेर काढलं होतं. "मग हे कुणाला देऊ?"

"मला," म्हटलं. "माझ्या नव्या जागेचा पत्ता कळवते."