डोळे उघडे ठेवून

९ जानेवारी, सोमवार

मी डोळे मिटले नाहीत. मिटणारही नाही!

माझ्या चौथीच्या वर्गातली बडबडी हॉस्पिटलात आहे. ताप मेंदूत गेलाय म्हणे. शुक्रवारपासून शुद्ध नाही. आणि आज सकाळी मोठ्या बाईंनी माइक हातात घेऊन जाहीर केलं – ती बरी होईपर्यंत रोज सगळी शाळा तिच्यासाठी प्रार्थना करणार. हात जोडा, डोळे मिटा, मनापासून मागा. मनापासून मागितलेलं देव देतोच!

देतोच? एवढी खात्री कुठून आणली यांनी? काही बरंवाईट झालं तर वर्गात उभं राहून उत्तर मला द्यायचंय, त्यांना नाही.

सगळी शाळा डोळे मिटून उभी. उघडे फक्त माझे. आणि पीटीच्या सरांचे, पण ते मोबाइल बघत होते.

१० जानेवारी, मंगळवार

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "घटकाभर मिटलेस डोळे तर काय आभाळ कोसळणारे?"

मिटायला माझं काय जातं! पण मी मिटले की पोरांना वाटणार, बाईंचीही खात्री आहे. माझी नाही. मी त्यांना भागाकार शिकवते. बाकी उरली तर उरली म्हणून फळ्यावर लिहून दाखवते, पुसून टाकत नाही. मग इथेच का?

१२ जानेवारी, गुरुवार

वर्ग इतका शांत की मला शिकवता येईना. एरवी "तोंडाला कुलूप लाव गं बाई" म्हणून म्हणून मी थकायची.

तिच्या बाकावरची शेजारीण आता एकटीच बसते. पण सरकत नाही. अर्धा बाक तसाच मोकळा ठेवते. ती मुळातच कमी बोलणारी. मागच्या वर्षी वडील गेले तेव्हापासून जवळजवळ नाहीच. तिच्या वाटचंही बडबडीच बोलायची.

१७ जानेवारी, मंगळवार

डोक्याचा नुसता भडका उडालाय. अक्षरसुद्धा धड येत नाहीये.

बडबडीला काल रात्री आकडी आली, तब्येत आणखी बिघडली. मी वर्गात पोहोचायच्या आत बातमी पोहोचलेली. दारात पाऊल टाकते तो काय – शेजारणीभोवती सगळ्यांचं कोंडाळं!

"बाई, हिने काल प्रार्थनेत डोळे उघडले!"

"म्हणूनच झालं!"

"मीपण बघितलं, बाई!"

"तू कसं बघितलंस?" मी मॉनिटरला विचारलं. "तुझे मिटलेले होते ना?"

ती चपापली. पण शेजारीण? तिला ते पटलं होतं! डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. "माशी बसली होती, बाई," एवढंच म्हणाली. "नाकावर."

नाकावर माशी बसली म्हणून मैत्रीण मरणार! हा कुठला न्याय? असा न्याय करणारा वर कोणी असेल, तर त्याच्याशी माझं भांडण आहे. नसेल, तर मोठ्या बाईंशी आहे. कोणाशी तरी आहेच!

१८ जानेवारी, बुधवार

शेजारीण आज प्रार्थनेला डोळ्यांवर रुमाल बांधून उभी. मागे घट्ट गाठ. लहानसा, फुलांची कड असलेला रुमाल.

मी गाठ सोडली आणि तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत घुसले. रुमाल टेबलावर आपटला. तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही पोरांच्या डोक्यावर काय ओझं ठेवलंय, कळतंय का तुम्हाला?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "बसा आधी. प्रार्थना झाली की मी रोज तिच्या आईला फोन करते. सांगते, आज सगळ्या पोरांनी तुझ्या लेकीचं नाव घेतलं. ती बाई रात्रंदिवस एका खुर्चीत बसून आहे. माझा फोन झाला की दोन घास खाते. तुम्ही म्हणत असाल तर उद्यापासून बंद करते. तिला तेवढं तुम्ही कळवा."

मी रुमाल उचलला आणि बाहेर पडले. जिना उतरताना सुचलं म्हणा बरंच काही – पण तेव्हा जिन्याशिवाय ऐकणारं कोणी नव्हतं.

बंद करा असं मी म्हटलं नाही. पण हार मानलेली नाही!

१९ जानेवारी, गुरुवार

वर्गाला सांगून टाकलं.

"मी पहिल्या दिवसापासून डोळे उघडे ठेवते. रोज. हातही जोडत नाही. डोळ्यांमुळे काही होत असेल तर ते माझ्या. हिच्या नाही."

मॉनिटरने हात वर केला – "म्हणजे, बाई, तुमच्यामुळे?"

"हो. माझ्यामुळे. काय राग काढायचा तो माझ्यावर काढा."

मधल्या सुट्टीत शेजारणीला त्यांनी खेळायला घेतलं. माझ्याकडे मात्र सगळी अशी बघत होती, जणू ताप मीच पाठवलाय. बघा! माझी पाठ त्या पोरीपेक्षा बरीच रुंद आहे.

२३ जानेवारी, सोमवार

अपेक्षेप्रमाणे पालक आले. "बाईंना एवढा कसला ताठा?" "पोरांवर काय संस्कार होणार?" मोठ्या बाईंनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग मला बोलावून एकच विचारलं – "मिटणार?"

"नाही."

"बरं. जा वर्गावर."

भली बाई आहे. कबूल करायला जिवावर येतं.

२५ जानेवारी, बुधवार

हॉस्पिटलात जाऊन आले. काचेतून पाहिली. बडबडी आणि गप्प! इतका राग आला – कोणाचा, कोण जाणे. तिच्या आईने माझा हात धरला, "तुमचा सगळा वर्ग करतोय ना?" मी "हो" म्हटलं. वर्ग करतोयच की. खोटं नव्हतं.

काही मागितलं नाही मी. ओठांपर्यंत आलं होतं.

३० जानेवारी, सोमवार

शुद्धीवर आली! आली आमची बडबडी! पहिलं वाक्य म्हणे, "माझी पाण्याची बाटली कोणी घेतली?"

शाळेत नुसता जल्लोष. नवं औषध लागू पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या औषधाचं नाव विचारतोय कोण! मोठ्या बाई माइकवर बोलता बोलता रडल्या. मीही रडले. लपवायचं काय त्यात.

मॉनिटर ऐटीत म्हणाली, "बाई, तुम्ही डोळे उघडे ठेवले तरी बरी झाली! तुम्ही एकट्या होता. आम्ही किती तरी होतो ना!"

म्हणजे मी हरले म्हणे. हरले तर हरले! अशी रोज हरेन. शेजारीण तेवढी नाचली नाही. बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिली. दमली असेल.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, सुटले एकदाची.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

सुटले कसली!

शाळा सुटल्यावर शेजारीण मागे राहिली. दप्तराचा पट्टा लावतेय, काढतेय, पुन्हा लावतेय. मग मान खाली घालूनच –

"बाई, बाबांच्या वेळी मी एकटीच करत होते. म्हणून कमी पडलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी त्या मोकळ्या अर्ध्या बाकावर जाऊन बसले. तिचे बाबा घरी झिजत होते तेव्हा शाळेत कोणाला पत्ताही नव्हता. आणि ही रोज इथेच, याच पोरांत बसून, एकटी मागत होती. तिला एक गोष्ट विचारली. तिने पट्टा एकदाचा लावला आणि "चालेल" म्हणाली.

मोठ्या बाईंना सांगून आले – सोमवारची प्रार्थना मी घेणार. हिच्या बाबांसाठी. सगळ्या शाळेने.

"अहो, पण ते तर गेले!"

"हो. पण ही एकटी होती."