शेरा: पुरावा उत्तम

मंगळवार, संध्याकाळ. वाशी.

मागच्या आठवड्यात दहावीला निबंध दिला होता: वडिलांच्या जमिनीत मुलींनी वाटा मागावा का? जासईच्या मानसीने 'मागू नये' लिहिलं. पुरावा म्हणून धड्यातली, भावासाठी वाटा सोडणारी बहीण. त्याग हा त्या धड्याचा गाभा, हे मीच शिकवलेलं. लाल पेनाने शेरा दिला, 'पुरावा उत्तम'.

आज ती खुशीत सांगते, "मॅडम, माझा निबंध बाबांनी आत्याला वाचून दाखवला. दोन वर्षं सहीला 'नाय' बोलत होती ती, काल हक्कसोडपत्रावर सही केली."

पुरावा उत्तम. कशाचा? धड्यातल्या बहिणीला काय हवं होतं, हे मी वर्गात एकदा तरी विचारलं?

"निबंध ऐकूनपण आत्या सही करत नव्हती," मानसी म्हणाली. "मग बाबांनी तुमचा शेरा दाखवला."