बाबांची चाल

रवि. ४ फेब्रु. २००७
परवा फोनवर बाबांना सेल्वीबद्दल सांगितलं. "तमिळ मुलगी?" एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे. तेव्हापासून माझा फोन घेत नाहीत. सेल्वीच्या अप्पांची एकच अट, तुझे वडील इथे चेन्नईत, अण्णा नगरला आमच्या घरी येऊन बोलू देत, मगच लग्नाचं बघू.
आमच्या कम्प्युटरवरच्या लढाईच्या गेमची फाइलही नाही. मी चाल खेळून नाशिकला मेल करायची, त्यांनी त्यांची खेळून परत पाठवायची. शेजारशेजारची दोन राज्यं, पक्की दोस्ती. इतके दिवस कधी अडलं नव्हतं.

मंगळ. ६
फाइल आली. मेल कोरी. एरवी "जेवलास का" तरी असतं. माझ्या हद्दीवरचं सगळं सैन्य बाबांनी मागे नेलंय. आणि नेमके आत्ताच बंडखोर माझ्या राजधानीबाहेर! भरमसाट कर लावले, भोगतोय. बाबांच्या जिवावर राजधानीत शिबंदीही ठेवली नव्हती. गाढव आहे मी.

गुरु. ८
चाल पाठवली. सोबत लिहिलं, "बाबा, मदत पाठवा." गेमपुरतंच. दुसरं लिहायचा धीर होईना.
सिरुसेरीच्या ऑफिस-बसमध्ये सेल्वी: "एन्न आच्चु? काय झालं? अप्पा रोज विचारतात. काय सांगू?" 

शनि. १०
आईचा फोन. "बोलत नाहीत रे. पण कम्प्युटरसमोरून हलत नाहीत. मी आत गेले की स्क्रीन बंद."
मेल नाही. कोण कुठले ते बंडखोर, पण दर तासाला मेल उघडून बघतोय. तिथे मदत आली नाही तर इथेही बाबा येणार नाहीत, असं डोक्यात बसलंय. भीती वाटते. सेल्वीला हे सांगितलं तर वेड्यात काढेल.

सोम. १२
फाइल आली!
राजधानी शाबूत. बंडखोर गायब, लढाई मात्र कुठेच नाही. मग दिसलं, बाबांचा वकील, म्हणजे राजदूत, माझ्या वेशीवर आणि त्यांचा खजिना रिकामा. बाबांनी पैसे चारून बंडखोरांना वाटेला लावलं! बँकेत असताना दिवाळीच्या मिठाईचा पुडासुद्धा परत पाठवणारा हा माणूस. आता त्यांच्याच शिपायांना पगार नाही.
मेलमध्ये एक ओळ. "कर कमी कर." सेल्वीबद्दल अवाक्षर नाही.
फोन लावला. आईने उचलला. म्हटलं, "विचार ना बाबांना, अण्णा नगरला कधी येताय?" तिने विचारलं. पलीकडे खुर्ची सरकली. मग फोनवर बाबांचा खोकला आला, त्यांनी फोन ठेवला नाही.
मीही फोन ठेवला नाही.