मिठाचा चेपलेला डबा

प्रिय कारट्या,

अक्षर तुझ्या आईचं आहे आणि बडबड माझी. सूनबाईला ताकीद दिली आहे, मी बोलेन तेच लिहायचं, मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही. आत्ताच तिनं नाक ओढलं. सर्दी झाली आहे म्हणते. असेल.

तू तिला म्हणालास म्हणे, आजी रुसली आहे. आजोबांना पोचवायला मी आलो नाही, त्या रागानं परवा माझा आवाज ऐकून तिनं फोन ठेवून दिला. तेव्हापासून मला तुझा फोन नाही. रागाचं नंतर बघू. आधी तुझ्या कामाचं बोलते. ते मला कळलं आहे हे ऐकून तुला निदान हसू तरी येईल.

गेल्या खेपेला तू ओट्याला टेकून, माझ्या डब्यांकडे बोट दाखवत सांगत होतास. हॉस्पिटलचे रिपोर्ट तुमच्या डेटाबेसमध्ये असतात. कुणी एक रिपोर्ट मागितला की मशीन आधी ठरवतं, तो शोधायचा कसा. पहिल्या डब्यापासून एकेक झाकण उघडत जायचं, की खूण बघून थेट हव्या त्या डब्याला हात घालायचा. खुणेला तुम्ही इंडेक्स म्हणता, आणि मशीनच्या त्या ठरवण्याला प्लॅन. माझ्या डब्यांवर तुझ्या बापानं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आपल्या आईला वाचता येत नाही हे विसरून. मला चिठ्ठी कशाला हवी? मीठ चेपलेल्या डब्यात, आणि तो चेपला कारण लहानपणी तू त्याच्यावर पळीनं ढोल बडवायचास. तू म्हणालास, आजी, ही चेप म्हणजे तुझा इंडेक्स, तुला आमच्याकडे नोकरीच देतो. मी म्हटलं, मशीनचा प्लॅन नुसता बघत बसायचा पगार मिळत असेल तर दे.

आजोबा गेले त्या दिवशी तुझं मशीन अडलं होतं. खूण असूनही ते सगळे डबे उघडत बसलं होतं आणि तिकडे डॉक्टर रिपोर्टसाठी खोळंबले होते. नंतर तू आईला सांगितलंस, मशीनचा अंदाज जुना होता. आपल्याकडे चारच डबे आहेत असं ते धरून चाललं होतं, आणि चार डब्यांसाठी खूण कोण बघतं? प्रत्यक्षात डब्यांचं कोठार झालं होतं. तू त्याला नव्यानं मोजायला लावलंस तेव्हा कुठे ते पळायला लागलं. आजाऱ्यांचे रिपोर्ट मिळाले, त्यात राग कसला धरायचा? तुझे आजोबा स्वतः आयुष्यात कधी वेळेवर पोचले नाहीत. एवढी एकदाच घाई केली.

माझाही अंदाज जुनाच आहे. दुपारी दोन कप मांडते. चहा ओतून झाला की समोरची खुर्ची रिकामी दिसते. तुझी आई दुसरा कप पिऊन टाकते. तिला चहा सोसत नाही. गेल्या आठवड्यात मिठासाठी मी सगळे डबे उघडले, अगदी पहिल्यापासून. चेपलेला डोळ्यांसमोर होता, पण त्याच्याकडे बघायचं सुचलंच नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. मला नव्यानं मोजायला लावेल अशी गोळी मात्र त्यांच्याकडे नाही. हे वाढतच जाणार, असं ते तुझ्या आईला दाराबाहेर सांगत होते. कान अजून शाबूत आहेत माझे.

आता फोनचं. तू म्हणालास, आजी, मी बोलतोय. आवाज ओळखीचा होता, म्हणून शोधू लागले. तुझा बाप, माझा भाऊ, तुझे आजोबा, सगळ्यांची झाकणं उघडून पाहिली. तू सापडला नाहीस. लाज वाटली, म्हणून फोन ठेवला. तुझ्या आईचा हात इथे थांबला होता. लिही गं, म्हटलं, त्याला कळू दे.

तूच सांगितलं होतंस, मशीन भलत्या वाटेनं जात असेल तर क्वेरीतच, म्हणजे रिपोर्ट मागतानाच, त्याला बजावता येतं, या खुणेनं जा. तेवढ्यासाठी हे पत्र. लवकर ये. दारात उभा राहून, ओळखलंस का, असं विचारू नकोस, मी पुन्हा सगळी झाकणं उघडत बसेन. सरळ आत ये, मिठाचा डबा माझ्या हातात दे आणि सांग, ही चेप माझी. एवढं करूनही सापडला नाहीस, तर उठून जाऊ नकोस. दुपारचाच ये. दुसरा कप मांडलेला असतो.

तुझीच,
आजी